‘फिरायला चाललोय म्हणून सांग’

विमानतळावर सोडताना एजंट मुलाकडून एक वाक्य पाठ करून घेतो. इमिग्रेशनच्या खिडकीवर साहेबाने विचारलं तर सांगायचं, फिरायला चाललोय, आठवड्यात परत येणार. हातात परतीचं तिकीट असतं, हॉटेलचं बुकिंग असतं. नोकरीचं ऑफर लेटरही असतं, पण ते मोबाइलच्या पोटात, दाखवायचं नाही. मुलाला वाटतं, ही कागदपत्रांची किरकोळ तडजोड आहे, सगळेच करतात. त्या एका वाक्याने आपण स्वतःलाच सरकारी दप्तरातून पुसून टाकतोय, हे त्याच्या लक्षात येत नाही. पुढे तो हरवला तर नोंद एवढीच राहते: एक पर्यटक बँकॉकला गेला.

10 आणि 11 मार्च 2025 रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोत या सीमेवरच्या गावातून आधी 283 आणि मग 266 भारतीयांना परत आणलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी दोन खेपांत 270 आणि 197 जण आले. हे लोक मुळात थायलंडमध्ये अडकले नव्हतेच. सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात तारेच्या कुंपणाआड, बंदूकधारी पहाऱ्याखाली, ते दिवसरात्र कॉम्प्युटरसमोर बसून जगभरच्या माणसांना ऑनलाइन फसवत होते. मर्जीने नव्हे, मारून मुटकून. वर्तमानपत्रांत याला ‘सायबर गुलामी’ म्हणतात. शब्द नवा आहे, गुन्हा जुनाच: मानवी तस्करी. यात सापडलेली बहुतेक मुलं मोबाइलवरच्या जाहिरातीतून गेली, आणि जी सुटली त्यांतलीही बरीचशी मोबाइलमुळेच सुटली.

वाहतूक म्हटलं की एसटी आठवते

पोलिसांकडे या गुन्ह्यासाठी जो कक्ष असतो त्याचं मराठी नाव ‘अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष’. हे नाव वाचून सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर काय उभं राहत असेल, देव जाणे. ‘वाहतूक’ हा शब्द दिशाभूल करतो, कारण तस्करीला प्रवास लागतोच असं नाही. शेजारच्या गल्लीतल्या कारखान्यात डांबून ठेवलेलं पोरही तस्करीचा बळी असू शकतं.

भारतीय न्याय संहितेचं 143 वं कलम तीन गोष्टी एकत्र पाहतं. माणसाचं काय केलं: भरती केली, नेलं, लपवलं, दुसऱ्याच्या हवाली केलं की ताब्यात घेतलं. ते कसं केलं: धमकी, जबरदस्ती, अपहरण, फसवणूक, सत्तेचा गैरवापर की पैशाचं आमिष. आणि कशासाठी केलं: शारीरिक किंवा लैंगिक शोषण, गुलामी, वेठ, भीक मागायला लावणं, अवयव काढून घेणं. या तिन्हींची सांगड बसली की गुन्हा पुरा. शिक्षा किमान सात वर्षांची. एकाहून अधिक माणसं किंवा अल्पवयीन मूल असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

कलमातला एक मुद्दा लोकांना ठाऊकच नसतो. बळी पडलेल्याची संमती होती की नव्हती, हे गैरलागू आहे. ‘तो स्वतःच्या पायांनी गेला होता ना?’ हा प्रश्न पोलीस ठाण्यात, गावात आणि कधी घरातही विचारला जातो. कायदा तो विचारत नाही. फसवून मिळवलेली संमती ही संमती नव्हे.

कॅसिनो ओस पडले तेव्हा

कंबोडियाचं सिहानुकविल हे समुद्रकिनाऱ्यावरचं शहर चिनी पैशावर उभ्या राहिलेल्या कॅसिनोंनी भरलं होतं. 2019 मध्ये कंबोडिया सरकारने ऑनलाइन जुगारावर बंदी आणली, पाठोपाठ कोविड आला आणि पर्यटक थांबले. इमारती, इंटरनेट, पहारेकरी आणि टोळ्यांचं भांडवल, सगळं तिथेच पडून होतं. टोळ्यांनी धंदा बदलला. जुगारी येत नाही तर मग फोनवरून माणूस गाठायचा. लाओसमधल्या बोकेओ प्रांतातलं ‘गोल्डन ट्रँगल’ आर्थिक क्षेत्र, म्यानमारमधला म्यावाडीचा पट्टा अशा जागी, जिथे सरकारचा हात पोचत नाही किंवा पोचायचं मनावर घेत नाही, असे अड्डे उभे राहिले.

फसवणुकीची रीतही नवी होती. चुकून आल्यासारखा एक मेसेज येतो, ओळख वाढते, समोर एक देखणा फोटो असतो, आठवडेच्या आठवडे गप्पा चालतात आणि मग हळूच क्रिप्टोतल्या गुंतवणुकीची गोष्ट निघते. चिनी टोळ्यांनी या प्रकाराला डुक्कर पोसून कापण्याची उपमा दिली आणि जगभरच्या बातम्यांनी ती उचलली. इंटरपोलने डिसेंबर 2024 मध्ये आवाहन केलं की हा शब्द वापरू नका. फसलेल्या माणसाला डुक्कर म्हटलं तर तो तक्रार करायला पुढे कसा येईल? मला हे पटतं. जनजागृतीची सुरुवात शब्दांपासून होते आणि आपण बहुतेक वेळा गुन्हेगारांचेच शब्द उसने घेतो.

या कामाला माणसं लागतात, तीही इंग्रजी लिहिणारी, कॉम्प्युटर हाताळणारी. स्वखुशीने पुरेशी मिळेनात, तेव्हा ती फसवून आणायला सुरुवात झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये मांडलेला अंदाज असा, की म्यानमारमध्ये किमान 1 लाख 20 हजार आणि कंबोडियात सुमारे 1 लाख लोक या कामाला जुंपलेले असावेत. म्हणजे या धंद्याला दोन बळी असतात. एक पुण्यात बसून आयुष्यभराची पुंजी गमावतो, आणि दुसरा म्यावाडीत बसून, पाठीवर विजेच्या दांडक्याची भीती घेऊन, त्याला मेसेज टाइप करत असतो.

नदीपलीकडे

प्रवास साधारण असा होतो. टेलिग्रामवर, फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपच्या ‘जॉब’ ग्रुपवर जाहिरात येते: थायलंडमध्ये डेटा एंट्री, कस्टमर सपोर्ट, ‘डिजिटल सेल्स एक्झिक्युटिव्ह’. पगार इथल्या तीनचार पट, राहणं-जेवण फुकट, तिकीट कंपनीचं. मुलाखत व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत उरकते. टायपिंगचा वेग तपासतात. पदवीबद्दल कुणी फारसं विचारत नाही. बँकॉकच्या विमानतळावर गाडी हजर असते. मुलगा समजतो ऑफिसला चाललो, पण गाडी सातआठ तास थांबत नाही. पाचशेएक किलोमीटरवर माए सोत येतं, आणि गावाच्या कडेने मोए नदी वाहते. नदी अरुंद आहे. कोरड्या दिवसांत काही ठिकाणी लोक चालतही पार करतात. पलीकडे म्यानमार.

पलीकडे गेल्यावर पासपोर्ट काढून घेतला जातो. घरी जायचं म्हटलं तर ‘करार मोडल्याचे’ काही हजार डॉलर मागतात. टार्गेट पूर्ण झालं नाही की उपाशी ठेवणं, उन्हात उभं करणं, विजेचे झटके. एका टोळीने दुसरीला माणसं विकल्याचंही सुटून आलेल्यांनी सांगितलंय. गंमत म्हणजे (गंमत कसली, संतापच येतो) पहिल्या महिन्यात काहींना थोडा पगारही मिळतो. घरी पैसे येतात, आई पेढे वाटते, आणि गावातल्या दुसऱ्या दोन पोरांना ‘तिकडं सेट झालाय’ ही बातमी लागते. त्या पोरांसाठी याहून प्रभावी जाहिरात कुठली?

इमिग्रेशन खात्याची आकडेवारी 2024 मध्ये बातम्यांत आली होती. जानेवारी 2022 ते मे 2024 या काळात पर्यटक म्हणून कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनामला गेलेल्या 73,138 भारतीयांपैकी 29,466 जण परतल्याची नोंद नव्हती. त्यांत पंजाबचे सर्वाधिक 3,667 आणि त्याखालोखाल महाराष्ट्राचे 3,233. हे सगळे अड्ड्यांत अडकलेत असं मुळीच नाही. कुणी तिथून दुसऱ्या देशात गेले असतील, कुणी खरंच काम करत असतील. पण आपण याला आखातात जाणाऱ्या दुसऱ्या राज्यांतल्या गरिबांचा प्रश्न समजत असू, तर दुसऱ्या क्रमांकावरचं नाव एकदा नीट वाचावं. मुंबई पोलिसांकडे नोंदलेलं असंच एक प्रकरण मे 2024 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने हाती घेतलं. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र सायबर या पोलिसांच्या विभागाने म्यानमारमधून 60 हून अधिक भारतीयांची सुटका झाल्याचं आणि एजंटांना अटक केल्याचं जाहीर केलं.

दहावी पास झाल्याचा तोटा

परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी आपल्याकडे 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. त्याची रचना आखातात जाणाऱ्या गवंडी, सुतार, मोलकरणींना समोर ठेवून झाली. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘इसीआर’ असा शेरा असतो आणि सौदी, कतार, मलेशिया वगैरे ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दहावी झालेल्याला ती अट नाही. शिकलेला माणूस स्वतःचं बघून घेईल, असा त्यामागचा हिशेब.

इथे तो हिशेब उलटा पडला. टोळ्यांना नेमकी शिकलेलीच मुलं हवी होती. शिवाय कंबोडिया, लाओस, म्यानमार हे देश त्या यादीतच नाहीत. त्यात नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं. पर्यटनाला ते वरदान ठरलं, एजंटांनाही. एकही सरकारी टेबल न ओलांडता बारावी, बीसीए, हॉटेल मॅनेजमेंट झालेली पोरं थेट बँकॉकला उतरू लागली. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्येच सूचना काढली होती, की आयटीतल्या तरुणांना थायलंडच्या खोट्या नोकऱ्या दाखवून म्यानमारमध्ये नेलं जातंय. सूचना नेमकी होती, वेळेवरही होती. ती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होती, आणि मुलं टेलिग्रामवर.

जनजागृतीच्या बहुतेक सरकारी प्रयत्नांची गोची इथेच होते. ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीबद्दल बोलले, पुढे अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सायबर फसवणुकीची सूचना तर प्रत्येक फोनच्या आधी इतकी वाजली की लोक वैतागले. वैतागले तरी ऐकली. पण ती सूचना फसणाऱ्यासाठी होती. फसवण्याच्या कामाला ज्याला पळवून नेलं जातंय, त्या पोरासाठी तशी कॉलर ट्यून वाजल्याचं मला आठवत नाही.

एका पोस्टचा प्रवास

जानेवारी 2025. वांग शिंग हा फारसा नाव नसलेला चिनी नट. वीचॅटवरच्या एका ग्रुपमधून त्याला थायलंडमध्ये शूटिंगचं काम मिळालं. 3 जानेवारीला तो बँकॉकला उतरला, गाडीत बसला, आणि माए सोतजवळ त्याचा फोन लागेनासा झाला. त्याच्या मैत्रिणीने वेइबो या चिनी समाजमाध्यमावर सगळी हकिकत लिहिली: कुठे उतरला, गाडी कुठल्या दिशेने गेली, शेवटचं बोलणं कधी झालं. रडारड कमी आणि तपशील जास्त, अशी ती पोस्ट होती. ती वाऱ्यासारखी पसरली. 7 जानेवारीला थाई पोलिसांनी वांग सापडल्याचं सांगितलं. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही एका नटाची गोष्ट राहिली असती. पण ज्यांचे भाऊ, मुलं, नवरे महिनोन्‌महिने बेपत्ता होते, अशा चिनी कुटुंबांनी विचारलं: आमचा माणूस नट नाही म्हणून तो सापडायचा नाही का? त्यांनी एक ऑनलाइन तक्ता उघडला आणि त्यात ज्याने त्याने आपल्या माणसाची माहिती भरली. काही दिवसांत त्या यादीत हजाराहून अधिक नावं जमली. विखुरलेली दुःखं एका तक्त्यात आली की त्यांचं आकडेवारीत रूपांतर होतं, आणि आकडेवारीला सरकारं उत्तर देतात. चिनी पर्यटकांनी नववर्षाच्या सुट्टीतल्या थायलंडच्या सहली रद्द केल्या, हाँगकाँगचा गायक ईसन चान याने बँकॉकचा कार्यक्रम रद्द केला. 5 फेब्रुवारीला थायलंडने सीमेपलीकडच्या अड्ड्यांची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडलं. त्यानंतरच्या आठवड्यांत तिथल्या सशस्त्र गटांनी सुमारे सात हजार लोक बाहेर सोडले. मार्चमध्ये हवाई दलाची विमानं ज्यांना आणायला गेली, ते भारतीय याच लोंढ्यातले.

म्हणजे वेइबोवरची एक पोस्ट कुठल्या तरी वळणावर मराठी घरांपर्यंतही येऊन पोचली. मात्र वीज तोडल्याने अड्डे संपले नाहीत. जनरेटर आले, छपरांवर स्टारलिंकच्या उपग्रह इंटरनेटच्या थाळ्या लागल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्क या कुप्रसिद्ध अड्ड्यावर छापा घातला, तेव्हा लोक नदी ओलांडून पळाले. त्यांत शेकडो भारतीय होते. त्याच सुमारास स्टारलिंकच्या कंपनीने अड्ड्यांच्या परिसरातले अडीच हजारांवर संच बंद केल्याचं सांगितलं. ही कळ कंपनीच्या हाती आधीही होती, फक्त दाबायला लोकांचा आवाज चढावा लागला. व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटानेही 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांत अशा अड्ड्यांशी जोडलेली 68 लाख खाती बंद केल्याचं सांगितलं. ऐकायला आकडा मोठा आहे. ती उघडलीच कशी गेली, हे कंपनीला कोण विचारणार?

जाहिरात हातात धरून वाचायची

‘सावध रहा’ हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. काय बघायचं ते सांगावं.

परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. त्या परवान्याचा क्रमांक बी या अक्षराने सुरू होतो, आणि त्यात मुंबईच्या एजंटासाठी एमयूएम अशी शहराची खूण असते. जाहिरातीत हा क्रमांक नसेल तर तिथेच थांबावं. असेल, तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर किंवा त्याच्या ॲपवर एजंटाचं नाव टाकून पडताळावं. खोटा क्रमांक छापणं अवघड नसतं, म्हणून पडताळणी पोर्टलवरच करावी, एजंटाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. नोंदणीकृत एजंट कामगाराकडून 30 हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. दीड लाख, दोन लाख ‘प्रोसेसिंग’ मागणारा कायदा मोडूनच मागत असतो. आणि ‘मी त्यांचा सब-एजंट आहे’ असं म्हणणाऱ्याला आपला कायदा ओळखतच नाही. गावपातळीवर जवळपास सगळे असेच असतात: कुणाचा मावसभाऊ, कुणी मोबाइलच्या दुकानवाला, कुणी आधी जाऊन आलेला. ओळखीचा आहे म्हणून विश्वास बसतो. टोळ्या ओळखीच्याच माणसाला कमिशन देतात.

पुढची खूण व्हिसाची. नोकरी देणारी कंपनी जर म्हणाली, की पर्यटक म्हणून ये, वर्क परमिट नंतर करून देऊ, तर ती नोकरी नव्हे. व्हिसाविना किंवा पर्यटक म्हणून थायलंडमध्ये गेलेल्याला तिथे काम करायला परवानगी नाही, हे आपल्या मंत्रालयाने वारंवार सांगितलंय. कंपनीचा पत्ता त्या देशातल्या भारतीय दूतावासाला ईमेलने पाठवून ती खरी आहे का, असं विचारता येतं. चार दिवस जातील. जो एजंट चार दिवस थांबायला तयार नसतो, ‘सीट जाईल’ म्हणतो, त्याची घाई हेच उत्तर समजावं.

घरच्यांसाठीही एक काम आहे, आणि ते मुलगा निघण्याआधी करायचं. पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो, तिकीट, ऑफर लेटर, एजंटाचे सगळे नंबर, पैसे कुठल्या खात्यात भरले त्याची पावती, हे घरातल्या एकाच्या फोनमध्ये असावं. एक सांकेतिक वाक्यही ठरवून ठेवावं. ‘आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?’ असं पोराने विचारलं आणि आजीचे गुडघे ठणठणीत असतील, तर तो संकटात आहे. अड्ड्यातले फोन ऐकले जातात. तिथून ‘मला वाचवा’ म्हणता येत नाही.

आतून आलेला मेसेज

सांकेतिक वाक्य आलं, किंवा रात्री अडीचला घाबऱ्याघुबऱ्या कुजबुजीतला फोन आला, तर पहिला मोह होतो तो व्हिडिओ व्हायरल करण्याचा. मंत्र्यांना टॅग करावं, चॅनेलला द्यावं. हे करण्याआधी क्षणभर थांबावं. आत अडकलेल्याचा चेहरा आणि आवाज ओळखू येणारा व्हिडिओ बाहेर आला, की पहिला मार त्यालाच बसतो. काहींना दुसऱ्या टोळीकडे हलवतात आणि मग माग लागत नाही. वांगच्या मैत्रिणीची पोस्ट चालली, कारण तो कुणाच्या हाती आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आतून चोरून पाठवलेला व्हिडिओ ही वेगळी गोष्ट आहे.

आधी ठिकाण मागावं: गुगल मॅपवरची खूण, इमारतीचं नाव, खिडकीतून दिसणारी पाटी. हे आणि वरची कागदपत्रं संबंधित देशातल्या भारतीय दूतावासाला आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर द्यावीत. परदेशातल्या भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800113090 हा क्रमांक चोवीस तास चालतो. इकडे एजंटाविरुद्ध तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेत बसत नाही. ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930, मुलांसाठी 1098. लाओसमधल्या आपल्या दूतावासाने ऑगस्ट 2024 मध्ये गोल्डन ट्रँगलमधून 47 भारतीयांची सुटका केली, तेव्हा त्या देशातून परत पाठवलेल्यांचा आकडा 635 वर गेला होता. दूतावास काही करत नाही, ही समजूत म्हणूनच पूर्ण खरी नाही. पण दूतावासाला पत्ता लागतो.

राईनपाडा

इथवर मोबाइलचा उपयोग सांगितला. आता त्याच जागरूकतेने घेतलेले बळी.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आधीपासून व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एकात मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात. तो कराचीतल्या एका मदतवाहिनीने बनवलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघे परत येतात, मुलाला उतरवतात आणि फलक दाखवतात, की मूल पळवायला एवढाच क्षण लागतो, लक्ष ठेवा. शेवटचा भाग कुणी तरी कापला. जागृतीची फिल्म अफवा झाली, आणि अफवेने माणसं मारली. व्हॉट्सॲपने त्या जुलैत भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

तस्करीबद्दल बोलताना मला म्हणूनच भीतीची भाषा नको वाटते. ‘टोळी आलीय’ या मेसेजमध्ये जागा नसते, वेळ नसते, तक्रार कुठे करायची ते नसतं. फक्त एक अनोळखी चेहरा असतो, आणि तो नेहमी आपल्यापेक्षा गरिबाचा असतो. खरा तस्कर मात्र बहुधा ओळखीचा, बरे कपडे घातलेला, चहाला घरी येणारा असतो. हरवलेल्या मुलाचा फोटो पुढे पाठवायचा तर आधी तारीख आणि पोलीस ठाणं बघावं. मूल दोन वर्षांपूर्वी घरी आलेलं असतं आणि फोटो अजून फिरत असतो. सुटका झालेल्या मुलीचा फोटो तर पाठवूच नये. अल्पवयीन पीडितेची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाखाली गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

जिथे मोबाइलच नाही

2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं काही हजार रुपये आणि मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं. एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर ते बाहेर आलं. तिथे कुणी टेलिग्रामवर जाहिरात टाकली नव्हती आणि कुठलाही हॅशटॅग त्या पाड्यापर्यंत पोचला नसता. तिथे उपयोगी पडतात ती अंगणवाडी ताई, आश्रमशाळेत हजेरी घेणारे गुरुजी, गावात येणारा संघटनेचा कार्यकर्ता. पटावरचं नाव गैरहजर का, एवढा प्रश्न विचारणारं माणूस. डिजिटल माध्यमांवरच्या चर्चेत हा पाडा नेहमी राहून जातो, म्हणून इथे लिहिला.

परतलेला मुलगा

माए सोतहून आणून दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर उतरवलेल्यांची तपास यंत्रणांनी चौकशी केली. ते आवश्यकच होतं. एजंटांची नावं त्यातूनच मिळतात, आणि परतणाऱ्यांत काही जण स्वतःच पुढे एजंट झालेले असतात. पण ज्याने मार खाऊन टाइप केलं आणि ज्याने कमिशन घेऊन मित्र विकले, त्या दोघांत फरक करणं कागदावर सोपं असतं तितकं खोलीत बसून नसतं. पीडिताला त्याच्याकडून जबरदस्तीने करून घेतलेल्या गुन्ह्यासाठी शिक्षा होऊ नये, हे तत्त्व जगभर मान्य आहे. आपल्या कायद्यात ते स्पष्ट शब्दांत यायचंय.

जनजागृतीसाठी या मुलांइतकं जाणकार दुसरं कोण आहे? जाहिरात कशी होती, गाडी कुठे वळली, कुठल्या प्रश्नाला एजंट अडखळला, हे त्यांनाच ठाऊक. चेहरा झाकून, आवाज बदलून, आपापल्या बोलीत केलेली त्यांची दोन मिनिटांची रील कॉलेजच्या ग्रुपवर टाकली, तर मंत्रालयाच्या परिपत्रकापेक्षा ती दूर जाईल. बहुतेक जण मात्र गप्प राहतात. घरावर एजंटासाठी काढलेलं कर्ज असतं, नात्यातल्याच माणसाने पाठवलेलं असतं, आणि पारावर भेटणारा पहिला माणूस विचारतो, ‘काय रे, किती कमावून आणलंस?’